दुहेरी भिंगाचा कॉम्प्युटर

प्रिय शालकमहाराज,

सप्रेम नमस्कार, आणि वयानं मोठा असल्यामुळे वरून थोडा आशीर्वादही. तुझी पाठदुखी थांबली का? (थांबली नसेल तर खुर्ची बदल, असं तुझी ताई सांगते. खुर्ची बदलू नकोस, बसायची पद्धत बदल, असं मी सांगतो. यावरूनही आमची अर्धी संध्याकाळ गेली.) घरची मंडळी मजेत असतील. धाकटीला दात आले का? आले असतील तर तिला सांग, नीट वापर, दुसरे आले तरी पहिल्यांची सर नसते. इकडे माणसं सगळी ठणठणीत आहेत. कॉम्प्युटरचं विचारशील तर ते सविस्तर येईलच, कारण या पत्रात दुसरं काही नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर बोलायला लागलो की तुझी ताई शेजारी येऊन उभी राहते आणि माझी वाक्यं ती पूर्ण करते. मेल करावी तर दुकानाच्या पत्त्यावरून जाते, आणि त्या पत्त्याचा पासवर्ड मला सांगितलेला नाही, कारण मी तो विसरतो. म्हणून शाई आणि कागद. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तर तू मागच्या खेपेला येऊन आमच्या भांडणावर जो तोडगा काढून गेलास, त्याची हकीकत ऐक. तुला सगळं आठवत असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण त्या वेळी तुझं अर्धं लक्ष ताटात होतं. आपल्या चष्म्याच्या दुकानातला तो कॉम्प्युटर. वर्षानुवर्षं त्यात एकच सिस्टिम होती, आपण तिला 'जुनी' म्हणू. तिची सगळी बटणं मला झोपेत सापडतात. मग एक दिवस पडद्यावर सूचना आली की या सिस्टिमकडे कंपनी आता लक्ष देणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडे तरी कोण देतंय, आम्ही दोघं एकमेकांना पुरेसे आहोत. पण तुझ्या ताईनं सूचना वाचली आणि 'नवी'चा हट्ट धरला. दुकानात डोळे मी तपासतो, अंधाऱ्या खोलीतून नंबर ओरडून सांगतो, आणि बाहेर गल्ल्यावर बसून ती ते टाइप करते. तिचं म्हणणं, बोटं माझी दुखतात, तर सिस्टिम माझ्या पसंतीची. माझं म्हणणं, घसा माझा दुखतो. यावर तू काय केलंस? एकाच डब्यात दोघींना कोंबलंस! मशीन सुरू केलं की ते विचारतं, जुनी की नवी, आणि दहा मोजायच्या आत उत्तर द्यायचं. वर तुझं तेच ते शहाणपण की भाऊजी, हे तुमच्या दुहेरी भिंगासारखं समजा, वरून लांबचं, खालून जवळचं. अरे, दुहेरी भिंगाचा चष्मा घालून माणसं जिन्यावर पडतात, हे तुला कुणी सांगितलं नाही का?

पहिल्या आठवड्यातच नियम ठरला की जो आधी मशीनपाशी पोचेल त्याची सिस्टिम. झालं, दुसऱ्या दिवसापासून आमची शर्यत सुरू झाली. मी लवकर उठू लागलो, ती त्याहून लवकर. शटर इतक्या पहाटे वर जाऊ लागलं की सायकलवरून पेपर टाकणाऱ्याला वाटलं, दुकानात चोर शिरलेत. तो आत डोकावला आणि आता आलोच आहे तर म्हणून डोळे तपासून चष्मा घेऊन गेला. त्याचा नंबर बराच निघाला. (इतकी वर्षं शेजाऱ्यांचा पेपर आपल्याकडे का पडतो, हे तेव्हा उलगडलं.) पण बहुतेक वेळा तुझी ताईच जिंकायची. आणि मी धापा टाकत पोचावं तेव्हा तिची ती नवी कायम नुकती सुरूच होत असायची. ताई अर्धा तास आधी आलेली, आणि पडद्यावर अजून ते गोल गोल फिरतंय! मी म्हणायचो, हीच का तुझी चपळ नवी? तुझी ताई नुसती चहा ओतायची. उलट आमची जुनी बघ. तिच्यात तो पत्त्यांचा खेळ आहे ना, मी तो महिन्यातून एखाद्या वेळी उघडतो आणि हरतो. तरी दर वेळी बघतो तो जिंकलेल्या डावांचा आकडा वाढलेला. याला म्हणतात इमान. एवढं माणसंही करत नाहीत.

आणि मग माझ्या जिभेनं घात केला. एक दिवस दुकानात शेजारचा चप्पलवाला आणि समोरचा घड्याळजी चहाला बसले होते. तुझी ताई त्यांच्यासमोर म्हणाली, "बघा, हे एक दिवस गुपचूप नवीवरच येणार." माणसाला चारचौघांत डिवचलं की तो खरं बोलत नाही, मोठ्यानं बोलतो. मी म्हणालो, मी नवीला हात लावला तर दुकानावरची माझ्या नावाची पाटी उतरवून तुझ्या नावाची लावीन! घड्याळजीनं कप खाली ठेवला. चप्पलवाल्यानं साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव सुचवलं. आणि तुझी ताई? तिनं संध्याकाळी रंगाऱ्याला फोन करून पाटीचा भाव विचारला. ती पाटी मी लग्नाआधी लावली आहे. उन्हानं तिचा रंग उडालाय, एक अक्षर तर जवळजवळ गेलंय, पण रोज शटर उघडताना वर बघितलं की मला माझी ओळख पटते. ती उतरली तर मी जागच्या जागी म्हातारा होईन, हे मी तुला हसत हसत सांगत नाही.

आता मास्तरांचं प्रकरण. आपले ते निवृत्त मास्तर, ज्यांनी या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवले आणि उरलेल्यांना अंगठे धरायला लावले. ते चष्म्याचा नंबर बदलू द्यायचे नाहीत. नव्या काचेनं गरगरतं, हा त्यांचा सिद्धांत. पण चप्पलवाल्यानं दारात जाहिरातीची एक पुठ्ठ्याची बाई उभी केली आहे, आणि तिला मास्तर रोज "जरा बाजूला होता का?" म्हणू लागले. ती बाजूला होईना, तेव्हा एकदा त्यांनी तिला शिष्टाचारावर व्याख्यान दिलं. मग त्यांची सून त्यांना धरून घेऊन आली. मी डोळे तपासले, नंबर ओरडलो, तुझ्या ताईनं टाइप केला. पण त्या दिवशी शर्यत तिनं जिंकली होती, म्हणजे नंबर गेला नवीच्या पोटात, आणि एकीच्या पोटातलं दुसरीला दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी काच घासायला पाठवायची वेळ आली तेव्हा मी जिंकलो होतो. जुनीत मास्तरांचं पान उघडलं, त्यात होता तो मागचाच नंबर. मी म्हटलं, वा, मास्तरांचे डोळे जागचे हलले नाहीत! आणि तोच नंबर नव्या फ्रेममध्ये बसवून दिला.

मास्तरांनी चष्मा घातला, बाहेर बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा नव्या चष्म्यानं गरगरलं नाही! त्यांनी माझी पाठ थोपटली (शाळेत असताना त्यांनी हाच हात जरा वरच्या अंगाला वापरला होता) आणि गावभर माझी कीर्ती सांगत सुटले. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊन सांगू लागली की आम्हालाही न गरगरणारा चष्मा द्या. मी हवेत तरंगत होतो. तेवढ्यात मास्तर आभार मानायला पुन्हा आले, आणि वाटेत थांबून पुठ्ठ्याच्या बाईला त्यांनी घरच्यांची खुशाली विचारली. मागून सून आली, तिनं हळूच सांगितलं की काका, मामंजी चहा अजूनही कपाच्या शेजारी ओततात, आणि काल रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यावर थांबले आणि गाडी आल्यावर निघाले. गंमत तिथं संपली बघ.

खरा नंबर कुठे असणार, हे मला कळलं. ताईला विचारावं तर सगळं बाहेर येणार, मास्तरांना पुन्हा तपासायला बसवावं तर ते बसणार नाहीत. तेव्हा दुपारी तुझी ताई घरी जेवायला गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, मशीन बंद करून चालू केलं, आणि दहा मोजायच्या आत डोळे मिटून नवीला हात लावला. शालकमहाराज, पाटी त्या क्षणी उतरली. फक्त दिसायला वर होती.

आणि काय सांगू तुला! मास्तरांच्या नावाची दोन अक्षरं टाकली तर मास्तर हजर. जुनीत त्यांना शोधायला मला अख्खं कपाट उपसल्यासारखं वाटायचं. आणि कोपऱ्यात एक अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की अक्षरं मोठी होतात. पुन्हा दाबलं की आणखी मोठी. आता तुला म्हणून सांगतो, गेली काही वर्षं तो पडदा मला अंधुक दिसतो. तुझी ताई म्हणते, स्वतःचे डोळे तपासा. पण चष्म्याच्या दुकानदारानं चष्मा लावला की गिऱ्हाइकाला वाटतं, हाच आंधळा, आपल्याला काय दाखवणार. म्हणून मी खुर्ची मागेपुढे करून भागवत होतो. इथे मी ते चिन्ह दाबत गेलो, दाबत गेलो, शेवटी पडद्यावर एका वेळी एकच गिऱ्हाईक मावायला लागलं. पण काय स्वच्छ दिसलं!

मास्तरांना फ्रेम घट्ट करून देतो म्हणून चष्मा मागून घेतला आणि काचा बदलल्या. दोन दिवसांनी ते काठी आपटत आले, सोन्यासारखा चष्मा बिघडवलास म्हणून. गरगरतंय! तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून ते वाक्य गेलं जे मी रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो: "मास्तर, नवं आहे, दोन दिवस गरगरेल, मग सवय होते. जुन्यानं दिसतं असं वाटतं, पण ते दिसणं नाही, ती ओळख असते." बोललो आणि जीभ चावली. हेच वाक्य तुझ्या ताईनं मला नवीबद्दल शब्दशः ऐकवलं होतं, आणि मी तिला म्हणालो होतो की तुला धंद्यातलं काही कळत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तर तणतणत निघाले, चप्पलवाल्याच्या दारात थबकले, पुठ्ठ्याच्या बाईकडे खूप वेळ बघत राहिले, आणि मान खाली घालून घरी गेले. आता ते त्या बाजूच्या फुटपाथनं जात नाहीत.

तेव्हापासून रोज दुपारी मी नवीवर असतो. ताईची चाहूल लागली की मशीन बंद करून जुनी सुरू करतो. ती आली की विचारते, ही सारखी आत्ताच कशी सुरू होतेय? मी म्हणतो, वय झालंय बिचारीचं, दम लागतो. हे असं किती दिवस चालणार? चोरी करून पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

बाकी सर्व ठीक. पाऊसपाणी बरं आहे. तुझी आठवण नेहमी निघते. धाकटीला पापा.

तुझा,
भाऊजी

ता. क. इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, आता काढतो. पुढच्या सुट्टीत ये. दुकानात सगळ्यांसमोर, म्हणजे ताई, चप्पलवाला आणि घड्याळजी हजर असताना, मशीन उघड, जुनीला मुळासकट काढून टाक, आणि गंभीर चेहरा करून जाहीर कर की ती वार्धक्यानं आपोआप गेली, कुणाचा दोष नाही. मी दुःख करीन. मग नाइलाजानं, केवळ धंद्यासाठी, मला नवी वापरावी लागेल. नाइलाजाला पैजेत हात लावणं म्हणत नाहीत. पाटी वाचेल. येताना रुमाल आण, मला एक कमी पडेल.

ता. क. पुन्हा. पत्ता लिहायला तुझ्या ताईकडे पाकीट देतोय, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. काळजी नको, पाकीट चिकटवून देतो आहे.

ता. क. (ताईचा) बाळ्या, पाकीट यांनी डिंकाऐवजी चहाचा ओला कप टेकवून चिकटवलं होतं, आपोआप उघडलं. यांना नवी आवडली हे मला पहिल्याच दुपारी कळलं. घरून आले तर पडद्यावर एवढं मोठं अक्षर, रस्त्यापलीकडून घड्याळजी अर्ध्या शटरखालून वाचून हसत होता. हे सांगतात तसं सगळ्यांसमोर सांग, यांना रडू दे, पण जुनीला खरंच काढू नकोस. कुठेतरी लपवून ठेव आणि कसं उघडायचं ते फक्त मला सांग. पहाटे उठून मी त्या नवीसाठी धावत नव्हते रे, पत्ते खेळायला धावत होते. यांची पावलं ऐकली की घाईनं नवी सुरू करायचे. आकडा वाढला म्हणून जुनीचं इमान म्हणे! रंगाऱ्यानं पाटी केव्हाच दिलीय, कपाटामागे आहे. तू आलास की लावू. माझ्या एकटीच्या नावाची नाही केली, आमची दोघांचीही नावं घातलीत. अक्षर मुद्दाम खूप मोठं काढून घेतलंय, यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.