बिअरमध्ये मध घालणारा जावई

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तरी विचारते.

मी आयर्लंडमध्ये आहे, चेरीवूडला, मुलीकडे. तिच्या बाळंतपणाला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. जावई घरूनच ऑफिसचं काम करतो आणि रविवारी स्वयंपाकघरात बिअर करतो. मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालून बादली प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, ठेवायची. मध्यंतरी त्याने त्यात मधही घातला. बरणी माझ्यापुढे धरून म्हणाला, "आई, तुम्ही मधवाल्यांच्या घरातल्या. वास घेऊन सांगा, चांगला आहे ना?" चांगला होता. पण मला वाटलं, हा मला आपल्या बाजूला ओढतोय.

बिअर तयार झाली तेव्हा चमचाभर चाखली. कडू. "यात मध नाहीच," मी म्हणाले. तो हसला. "आहे हो आई. यीस्टने मधातली साखर खाल्ली, तिची दारू झाली. वास तेवढा उरतो." मी त्याचं पुस्तक घेतलं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. खरं होतं. मधाने बिअर गोड होत नाही, जास्त चढते. हे त्याने आधी का नाही सांगितलं? तेव्हापासून तो उठून गेला की मी त्याचा मग हुंगते. चहाशिवाय कधी काही निघालं नाही. तरी हुंगते.

काल मुलीने मला धरलं. "आई, त्याने बघितलंय तुला. क्वालिटी कंट्रोल चालू आहे म्हणाला. हसला, पण लागलंय त्याला. तो बाबा नाहीये गं. हे थांबणार नसेल, तर विमानं सुरू झाली की तू पुण्याला जा."

मला मध केंद्रातलं तुमचं टेबल दिसतं. लोक डबे घेऊन उभे आहेत. तुम्ही झाकण काढता, वाकता आणि चाखण्याआधीच सांगता, हा जांभळाचा, हा हिरड्याचा, यात गुळाचा पाक आहे, परत ने. असं नाक तुमचं. आणि तुमचे जावई मला बघायला आले त्या दुपारी तुम्ही त्यांच्या शेजारी, एकाच सतरंजीवर बसला होतात. तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? की मुलगी उजवायची म्हणून गप्प बसलात? सगळा संसार मी हा संशय तुमच्यावर ठेवला. ते दारूने गेले, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी पाणी द्यायला मी वाकले होते, अण्णा. वास मला आला होता. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "पसंत आहे का?" मी हो म्हणाले. मला ते आवडले होते.