फल्ग्युरेशन या शब्दाचं माहेर

सिस्टर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दुपारी गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुमचाच एक शब्द उच्चारला. फल्ग्युरेशन. माझ्या मूत्राशयात गाठ दिसली आहे. उद्या सकाळी तिचा तुकडा तपासायला काढतील आणि उरलेली जाळतील.

नववीचा वर्ग आठवतो. परीक्षेच्या तोंडावरचं अवकाळी आभाळ, वीज कडाडते आणि आम्ही मुली बाकांखाली. तुम्ही शांतपणे खडू उचलता. "शब्दाला घाबरायचं नाही, त्याचं माहेर विचारायचं," म्हणत फळ्यावर लिहिता, फुल्गुर. लॅटिनमधली लखलखती वीज. मग गडगडाटावर आवाज चढवून सगळ्या वर्गाकडून त्याची रूपं म्हणवून घेता, फुल्गुर, फुल्गुरिस, फुल्गुरी. मागून कुणीतरी विचारते, "सिस्टर, हे म्हटलं की वीज पडत नाही का?" "पडते की. पण तोवर तुझं व्याकरण पक्कं होतं." त्यातूनच फल्ग्युरेशन आला, असं तुम्ही सांगता. हवामानाच्या जुन्या पुस्तकांत विजेचं चमकणं, आणि डॉक्टरांच्या भाषेत ठिणगीनं गाठ जाळणं.

आज डॉक्टर म्हणाले, "फल्ग्युरेशन करू. म्हणजे..."

"विजेच्या ठिणगीनं जाळणार," मी म्हणाले.

ते हसले. "मॅडम, मेडिकलच्या का तुम्ही?"

"नाही, कॉन्व्हेंटची." आणि मी फुल्गुरही सांगून टाकलं. ते खूश झाले, मला सगळं समजलंय असं धरून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मीही उठले, शाबासकी मिळालेल्या मुलीसारखी.

घरी चहा टाकता टाकता लेकीनं विचारलं, "गाठ साधी आहे की कॅन्सरची? काय वाटतंय त्यांना?"

"अगं, फल्ग्युरेशन म्हणजे..."

"आई, शब्द राहू दे. हे विचारलंस का?"

"राहूनच गेलं."

"मग लाव आता फोन." तिनं फोन माझ्यापुढे ठेवला आणि चहा गाळायला वळली. फोन अजून तसाच आहे, या कागदाशेजारी. कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. राहून गेलं नव्हतं, सिस्टर. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. म्हणून तर मी घाईघाईनं लॅटिन बोलले.