दत्तूच्या खोलीतले डास

२ सप्टें.
डासांच्या पाहणीसाठी गावात आलेय. शाळेची खोली गळायला लागली म्हणून गल्लीतल्या एका मावशींकडं मुक्काम हलवला. येडशी जवळ, पण इथं फोनला रेंज नाही. एका परीनं बरंच.
घरात मावशी आणि सून सारिका, सातवा महिना. नवरा उमरग्याला ट्रकवर. मागच्या खेपेला असाच ताप आला आणि पोर पोटातच गेलं. आता पुन्हा ताप. मलेरियाच. धाराशिवच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा लागण व्हायला नको. म्हणजे काम माझं.
संध्याकाळी पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून आतल्या डासांना हात दिला, मग बाहीला गाठ मारली. बारवेतल्या अळ्यांपासून वाढवलेत, माद्यांना अंड्यांसाठी रक्त लागतं. मावशी जाळीशी वाकून बघत होत्या.
"दुखत न्हाय का गं?"
"सवय झाली."
"व्हय. होती सवय."

४ सप्टें.
सकाळी बॅटरी आणि डास ओढून घ्यायची नळी घेऊन भिंती तपासल्या. सारिकाच्या खोलीत दोन डास. उरली कुलपातली खोली. मावशींचा थोरला, दत्तू, गेल्या पोळ्याला तापानं तिथंच गेला. किल्ली मावशींच्या पदराच्या गाठीत.
"वर्षश्राद्ध झाल्याबिगर फवारा न्हाय. बघायचं तर बघ."
खिडकीला गोणपाट. दत्तूची खाट, वर धुतलेली चादर. आणि भिंतीवर डासच डास. पोटं लाल, टच्च. पत्र्याखालच्या फटीतून पलीकडं सारिकाची खोली.
इथं कोणी झोपत नाही म्हणे. मग कुणाचं रक्त? अंगावर काटा आला. एवढं शिकून लिहायला लाज वाटते, पण आला.

७ सप्टें.
त्या खोलीतले डास लॅबला पाठवले होते, येडशीला जाऊन फोन केला. सगळं रक्त माणसाचं. गोठा भिंतीला लागून, तरी एकाही पोटात गुराचं नाही. काहींत मलेरियाचे जंतू.
गल्लीतल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, माझंसुद्धा. साफ. मावशींनी बोट दिलं नाही. "मला काय धाड भरलीय?"
सारिका हळूच म्हणाली, "मॅडम, आत्याबाई दिवेलागणीला दिसतच न्हाईत कुठं."

९ सप्टें.
दिवेलागणीला गेले. कुलूप नव्हतं.
मावशी दत्तूच्या खाटेवर उताण्या. दोन्ही हात उघडे, डासांनी काळे. हाकलत नव्हत्या. हसत होत्या की काय, अंधारात कळलं नाही.
"मावशी!"
"हळू. खाऊ दे त्यान्ला. दत्तूला शेवटी ह्यांनीच शिवलं. त्याचं रगत हाय ह्यांच्यात."
सांगितलं, डास महिनाभरसुद्धा धड जगत नाही. ते कधीच मेले.
"मग ही त्यांचीच लेकरं न्हाईत व्हय?"
दार ओढून घेतलं आणि अंगणात येऊन नुसती बसले. हात खाजवत होते, चावलं काहीच नव्हतं.

१० सप्टें.
मावशींनी आज बोट दिलं. जंतू आहेत. ताप नाही, थंडी नाही. अंगात मुरलाय.
सर्वात वाईट म्हणजे त्या पुरत्या चुकीच्या नाहीत. दत्तू ज्यानं गेला, बहुधा तोच वर्षभर त्यांच्या रक्तात. त्यांच्याकडून डासांत, डासांतून सारिकात. तसंच सांगितलं, आडपडदा न ठेवता.
"म्हंजी मीच?"
हो म्हटलं.
"गोळ्या घेतल्या की ते बी जाईल? दत्तूचं?"
हो. इतकं निर्दय हो मी कधी म्हटलं नव्हतं.
सारिका दारात, पोटावर हात. "आत्याबाई, घ्या ना." पाया पडायला वाकली, वाकता येईना.
मावशी बघत राहिल्या तिच्याकडं. "सकाळी घेते. आजचा दिस ऱ्हाऊ दे."

११ सप्टें.
घेतल्या! माझ्यासमोर. तोंड उघडून दाखवलं, लहान पोरीसारखं. किल्लीसुद्धा स्वतःहून सोडून दिली. खोली फवारली, खाट उन्हात काढली. भिंतीखाली डासांचा सडा. सारिकानं शिरा केला, मी दोनदा घेतला. फार हलकं वाटलं.

संध्याकाळी
पिंजरा काढला. काल गडबडीत हात द्यायचा राहून गेला होता, आज अजून दिला नव्हता.
पोटं लाल. सगळ्यांची. टच्च.
बाहीची गाठ माझी नाही. मावशी पदराला किल्लीची मारतात, ती. म्हणजे काल रात्री, गोळ्यांच्या आधी.
यांना मारायला हवं. आजच. भिंतीपलीकडं सारिका झोपलीय. डासांच्या औषधाची बाटली काढली आणि मागं वळले तर मावशी उंबऱ्यात. कधीपासून उभ्या, देव जाणे.
"ह्यान्ला तर तू पोसलंस," म्हणाल्या. "तुझं बी रगत हाय त्यांच्यात. दोघांचं मिसळलं आता."
बाटली टेबलावर आहे. मावशी जागच्या हललेल्या नाहीत. मी लिहीत बसलेय. पलीकडं सारिका कूस बदलते, खाट करकरते, आणि जाळीतून तो बारीक आवाज

बाटलीचं बूच काढायला हवं.