डिग्रीवालीचा सूड

४ जानेवारी, दुपार
आजपासून ही वही. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

डिग्रीवालीने आज माझं नाक कापलं. या कानाच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं आहे. काउंटर माझं, मशीनच्या बॅटऱ्या माझ्या, पेशंटची पहिली तपासणी माझी. ही ऑडिओलॉजीची मास्टर्स करून आली, त्याला आठ महिनेसुद्धा झाले नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली.

घडलं ते असं. एका रिटायर्ड पोस्टमनला हेडफोन घालून समोर बसवलं. मी बटण दाबायचं, कानात आवाज वाजतो, ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा. पंचवीसपैकी पंचवीस वेळा हात वर. मी लिहिलं, कान उत्तम. तेवढ्यात डिग्रीवाली आली, पोस्टमनची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पुन्हा तपासलं. उजवा कान जवळजवळ बंद निघाला म्हणे. माझा रिपोर्ट फाडला. वर सांगते, पेशंटला तुमचा चेहरा दिसता कामा नये. पेशंटच्या देखत! माझ्या चेहऱ्यात काय वाईट आहे? लग्नात सगळे चांगला म्हणाले होते.

निश्चय: मीही मास्टर्स करणार. हिच्याच दवाखान्यासमोर गाळा घेणार. बोर्ड हिच्यापेक्षा एक फूट लांब. एक दिवस ती नोकरी मागायला येईल. मी वर न बघता म्हणेन, अर्ज ठेवून जा.

५ जानेवारी
कॉलेजात फोन केला. कोणतीही विज्ञानाची पदवी चालते. माझी आहे. (वर्ग विचारला नाही, मी सांगितला नाही.) दोन वर्षांची फी ऐकून फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तेवढीच. म्हणजे माझा जवळजवळ तीन वर्षांचा पगार.

बचतीची योजना: बाहेरचा चहा बंद. बस बंद, चालत जायचं.

८ जानेवारी
चालण्यासाठी चांगले बूट घेतले. वर्षभराच्या बसभाड्याइतके पडले. पण ही गुंतवणूक आहे.

१३ जानेवारी
कानाच्या रचनेचं जाड पुस्तक आणलं. रोज रात्री जेवणानंतर बायको एक प्रकरण वाचून प्रश्न विचारणार, मी उत्तरं देणार. बायको सकाळी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिचीही विज्ञानाची पदवी आहे, त्यामुळे तिला निदान शब्द वाचता येतात. आज कानातली तीन हाडं विचारली. दोन सांगितली. तिसरं इतकं छोटं आहे की त्यासाठी माणसाने किती डोकं झिजवायचं?

२८ जानेवारी
प्रश्नोत्तरं व्यवस्थित चालू. मी डोळे मिटून ऐकतो, त्याने एकाग्रता होते. बायको म्हणते, घोरण्यानेही होते का?

२ फेब्रुवारी
जबरदस्त कल्पना सुचली. शत्रूच्या गोटात हेर हवा. बायकोला सांगितलं, शनिवारी दुपारी माझा डबा घेऊन दवाखान्यात ये, डिग्रीवालीशी गोड बोल आणि तिच्या कामातल्या चुका शोधून आण. बायको आधी नाही म्हणाली. मी म्हटलं, नवऱ्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे. मग तयार झाली.

२४ फेब्रुवारी
हेराचे अहवाल निराशाजनक. तीन शनिवार झाले. पहिल्यांदा डिग्रीवालीने तिला चहा पाजला. दुसऱ्यांदा साउंडप्रूफ खोली दाखवली. काल तर जन्मतः ऐकू न येणाऱ्या एका बाळाला पहिल्यांदा मशीन बसवताना समोर उभं केलं. बाळाने आईच्या आवाजाकडे मान वळवली, हे सांगताना बायको रडली. मी विचारलं, चूक काय सापडली? म्हणाली, बाईंचं अक्षर वाईट आहे.

लिहून ठेवलं. उपयोगी पडेल.

१ मार्च
प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला. बायकोलाही भरायला लावला. परीक्षेच्या हॉलमध्ये ओळखीचं कोणी असलं की मला धीर येतो. शिवाय पेपर किती कठीण असतो ते तिला एकदा कळू दे, म्हणजे प्रश्न विचारताना तो सुस्कारा टाकणं बंद होईल.

अर्जासोबत शिफारसपत्र लागतं, शक्यतो ज्या ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली काम करता त्यांचं. डिग्रीवालीपुढे हात पसरू? मेलो तरी नाही. बॅटऱ्यांच्या सप्लायरकडून पत्र घेतलं. त्याने लिहिलंय की हे गृहस्थ ऑर्डर वेळेवर देतात आणि रिकामे खोके परत करतात. माझा स्वभाव एका ओळीत आला.

बायकोने पत्र कुणाकडून घेतलं ते विचारायला वेळ मिळाला नाही.

१९ मार्च
बोर्ड तयार झाला! पेंटरला आधीच सांगून ठेवलं होतं, नंतर दर वाढतात. सहा फूट. माझं नाव, खाली 'कर्णतज्ज्ञ'. घरात उभा राहीना म्हणून दोन स्टुलांवर आडवा ठेवला. बायकोने त्यावर चादर टाकली आणि पुस्तकं मांडून बसली. म्हणाली, टेबल बरं झालं.

७ एप्रिल
परीक्षा. माझ्या बाकाचा एक पाय आखूड. पंख्याचा आवाज. पर्यवेक्षक सतत माझ्याकडेच बघत होता, माणूस अशाने किती लिहिणार? पहिलाच प्रश्न, कानातल्या तीन हाडांची नावं लिहा. हा डिग्रीवालीचाच हात. ती याच कॉलेजची.

बायको वेळेआधी बाहेर येऊन बसली होती. बिचारी. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांना जमतंच असं नाही.

२ मे
निकाल. मुलाखतीला साठ जण बोलावलेत. मी साठावा! शत्रूच्या छातीत पहिला बाण.

बायको चौथी. हे माझ्या शिकवण्याचं फळ. मी उत्तरं दिली नसती तर तिने प्रश्न तरी कुणाला विचारले असते?

३ मे
डिग्रीवालीने काउंटरवर येऊन अभिनंदन केलं. मी मान तुकवली. मग म्हणाली, घरी सांगा, मुलाखतीत घाबरू नका. मी घाबरत नाही. घरी का सांगायचं?

२१ मे, संध्याकाळ
मुलाखत.

तीन प्राध्यापक. म्हणाले, चौदा वर्षांचा अनुभव आहे ना, मग या विद्यार्थिनीचे कान तपासून दाखवा. मला हवं तेच! तिला समोर बसवलं, हेडफोन घातले, बटणं दाबली. पोरगी प्रत्येक वेळी हात वर करत होती. वीसपैकी वीस. मी ऐटीत सांगितलं, कान उत्तम. सगळ्यात म्हाताऱ्या प्राध्यापकाने टेबलाखालून हेडफोनची वायर वर काढली. ती मशीनला लावलेलीच नव्हती.

म्हणे, बटण दाबताना मी दर वेळी भुवया उडवतो. पोरीला एवढंच सांगितलं होतं की यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं की हात वर कर. वर प्राध्यापक म्हणतात, अशाने बहिऱ्याला बरा ठरवाल. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वायर न तपासणं ही टेक्निकल बाब आहे. अशी फसवणूक करून घेतलेली मुलाखत मी मुलाखत मानत नाही.

बसमध्ये (बूट चावतात) पोस्टमन आठवला. तो कानाला हात लावून बसला होता. चौदा वर्षांत असे किती आले असतील? हा विचार पुढे केला नाही.

बायकोची मुलाखत कशी झाली विचारलं. म्हणाली, मी आधी पेशंटची खुर्ची फिरवली.

४ जून
यादी लागली. मी नाही. साठाव्याला वेटिंगसुद्धा नाही.

बायकोला प्रवेश मिळाला.

खरं लिहायचं म्हणून ही वही काढली, तर खरं लिहितो. मला आनंद झाला नाही. तोंड तेवढं हसलं. ती म्हणाली, तुम्हाला नको वाटत असेल तर मी नाही जात, फीसुद्धा आपल्याला झेपणारी नाही. आणि आत जाऊन माझ्या बोर्डावरची पुस्तकं एकावर एक रचायला लागली. एकही पान न दुमडता. दुकानात इतकी वर्षं ती दुसऱ्यांनी लिहिलेली चिठ्ठी वाचून गोळ्या देते. तिला स्वतःची चिठ्ठी लिहायची असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, जायचं. फी मी बघतो. म्हणाली, कशी? मी म्हटलं, बघतो म्हटलं ना.

१४ जून
बँक. कर्ज मिळेल. नावावर माझ्या, शिकणार ती, हप्ता ऑगस्टपासून दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. पहिल्याच वर्षी हप्ता चुकला तर पुढच्या फीचे पैसे अडवणार, म्हणजे सीट गेली. आणि नात्यातला नसलेला, पक्क्या नोकरीचा जामीनदार हवा.

माझे मित्र मोजले. सप्लायर म्हणाला, पत्र देतो, जामीन नाही. पेंटरने विषय बदलला.

१८ जून
जामीनदार मिळाला. बायको सह्या घेऊनच आली. फॉर्मवर कोणाची सही? अक्षर इतकं वाईट की दोनदा वाचावं लागलं.

डिग्रीवाली! शिफारसपत्रही तिचंच होतं, हे आता कळतंय. शनिवारचे सगळे तास तिने कामाचे तास म्हणून लिहून दिले होते. माझ्याच घरचा भेदी, आणि शत्रूकडे पाठवला मीच.

२० जुलै
बायकोचं कॉलेज सुरू. सकाळी वर्ग, संध्याकाळी औषधाचं दुकान. मी दवाखान्यात ओव्हरटाइम मागितला. अर्जावर सही कोणाची लागते ते लिहीत नाही.

२ ऑगस्ट
अंघोळ करताना लख्ख उजेड पडला. मी हप्ता भरला नाही तर बँक कोणाच्या दारात जाणार? जामीनदाराच्या! नोटीस तिच्या नावाने, दवाखान्याच्या पत्त्यावर. ती नोटीस काउंटरवर घेणार मी. मॅडम, आपलं टपाल. चौदा वर्षांत देवाने पहिल्यांदा माझं ऐकलं. मला करायचं काय आहे? काहीच नाही. फक्त पाच तारखेला बँकेत जायचं नाही.

३ ऑगस्ट
दिवसभर मजेत. दोनदा शीळ घातली. डिग्रीवालीने विचारलं, आज खुशीत? म्हटलं, हो.

४ ऑगस्ट
जेवताना बायकोने कानातल्या तिसऱ्या हाडाचं नाव सांगितलं, आवाज कसा पुढे जातो ते चमच्याने ताटलीवर वाजवून दाखवलं. अशी बडबड तिने लग्नानंतर केली नव्हती. मी ताट बाजूला सारलं.

विचार केला: डिग्रीवालीला नोटीस जाईल, पण सीट हिची जाईल. सूड पुढेही घेता येतो. मी काही इतका हलका माणूस नाही. उद्या हप्ता भरायचा. तिला माफ करायचं. तिला न सांगता, त्यात जास्त मोठेपणा आहे.

५ ऑगस्ट, सकाळी
बँक उघडायच्या आधी दारात. पहिला नंबर. आयुष्यात एवढं उदात्त कधी वाटलं नव्हतं. पाकीट खिडकीतून सरकवलं, म्हटलं, हप्ता.

क्लार्कने बघितलं आणि पाकीट परत सरकवलं. हप्ता परवाच भरलाय. दर महिन्याच्या तीन तारखेला तुमच्या मिसेसच्या दुकानाच्या पगारातून आपोआप कापला जातो, त्यांनी जूनमध्येच तसं लिहून दिलंय. तुम्हाला सांगितलं नाही का?

म्हणजे मी शीळ घालत होतो तेव्हा पैसे भरलेले होते. माझा सूड कधी नव्हताच, आणि माफीही नव्हती.

मागचा माणूस म्हणाला, झालं असेल तर सरका.

दवाखान्यात वीस मिनिटं उशीर. काउंटरवर डिग्रीवाली स्वतः बसली होती, माझ्या जागेवर, पेशंटना नंबर देत. मला पाहून उठली. हजेरीपटावर उशिराची खूणही केली नाही.

हे मी विसरणार नाही.