तिसरी पिन

५ जानेवारी, सोमवार

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. फिजिक्सच्या मॅडम जिन्यावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये. दहावीचे दोन धडे राहिलेत. एक घरातल्या विजेचा, दुसरा किरणोत्साराचा. तुम्ही घ्याल का, म्हणाले. आणखी कोणाचे तास रिकामे नाहीत, असंही म्हणाले, पण ते सहज बोलण्याच्या ओघात. खरं कारण मला कळलं. सतरा वर्षं मैदानावर घासतोय, कुठेतरी त्याची दखल घेतली गेली.

तसं पाहिलं तर फिजिकल एज्युकेशन आणि फिजिक्स, सख्खी भावंडंच. एक मैदानात गेलं, एक वर्गात अडकलं.

पुस्तक घरी आणलं. आजच दोन्ही धडे वाचून टाकायचे.

६ जानेवारी, मंगळवार

काल पाठ दुखत होती. आज पहिलं पान वाचलं. चित्रं चांगली आहेत.

बायकोला सांगितलं. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे हिला या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. झेपेल का, विचारलं. बल्ब गेला तर तुम्ही वॉचमनला हाक मारता, म्हणाली. मी म्हटलं, त्याला मॅनेजमेंट म्हणतात. ती भांडी लावायला गेली. पटलं असावं.

८ जानेवारी, गुरुवार

पहिला तास. पोरांना थेट मैदानावर काढलं. चार भिंतींत बसून वीज कशी कळणार? बसणं हेच मुळात शरीराला मान्य नाही. मला तर बसलं की पायात मुंग्या येतात.

सगळ्यांना इलेक्ट्रॉन केलं. घरातली वीज एकाच दिशेने वाहत नाही, सारखी पुढे-मागे होते, सेकंदाला पन्नास वेळा. शिट्टीवर एक पाऊल पुढे, एक मागे. पन्नास जमलं नाही. दोनवर पोरं एकमेकांवर आदळू लागली.

एक मुलगी आहे. सारखा हात वर. वर्गात तिला शंकाच म्हणतात. तिने विचारलं, सर, इलेक्ट्रॉन जागच्या जागीच पुढे-मागे करत असतील तर दिवा कसा लागतो? मी म्हटलं, जागच्या जागी धावलं तरी अंग तापतं की नाही? ती गप्प झाली. खरं म्हणजे मीही गप्प झालो. उत्तर इतकं चांगलं येईल असं वाटलं नव्हतं.

मॅडम सहा आठवडे येणार नाहीत. तोवर मी वर्ग कुठल्या कुठे नेऊन ठेवीन. पुढे विज्ञान विभागाचं कोणी विचारलं तर लगेच हो म्हणायचं नाही. एक दिवस घ्यायचा.

१२ जानेवारी, सोमवार

स्टोअररूममधून किटली मिळाली. स्टीलची, जुनी, पण मजबूत. फिजिक्सवाल्यांना चहा लागतो. तिचा प्लग तीन पिनांचा आणि क्रीडाखोलीतल्या एक्स्टेन्शनला भोकं दोन. एरवी कोणी नवीन एक्स्टेन्शन मागवलं असतं आणि अर्ज करत बसलं असतं. मी करवत घेतली आणि मधली जाडी पिन उडवली. दोघी राबणार आणि ही नुसती उभी राहणार, हे माझ्या टीममध्ये चालत नाही.

पाणी फक्कड उकळलं. किटलीला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात. रक्ताभिसरणाला चांगलं असणार.

१४ जानेवारी, बुधवार

चेंडू न्यायला शंका क्रीडाखोलीत आली होती. किटलीकडे बघून विचारलं, सर, हिची तिसरी पिन कुठे गेली? पुस्तकात आहे म्हणे, फेज वीज आणते, न्यूट्रल परत नेते आणि तिसरी अर्थिंगची. मी म्हटलं, चेंडू घे आणि पळ.

अर्थिंगचं पान अजून आलेलं नाही. उद्या वाचायचं.

१६ जानेवारी, शुक्रवार

धडे जरा उलटसुलट घेतोय. अर्थिंग कंटाळवाणं निघालं, म्हणून किरणोत्सार सुरू केला. त्यात अर्धायुष्य नावाची गोष्ट आहे. किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ. मग उरलेल्यातले निम्मे, मग त्यातले निम्मे. कुठला अणू कधी फुटेल ते मात्र कोणीच सांगू शकत नाही.

मैदानावर प्रयोग. प्रत्येकाच्या हातात नाणं. शिट्टी वाजली की उडवायचं, छापा पडला की खाली बसायचं. पहिल्या शिट्टीला निम्मी बसली, दुसरीला उरलेल्यातली निम्मी. अंगावर काटा आला.

कोणीच सांगू शकत नाही, हे मात्र मला पटलं नाही. पोरं मी ओळखतो. डुलकी नावाचा एक आहे, प्रार्थनेलाही भिंतीला टेकतो. मी आधीच जाहीर केलं की पहिल्या शिट्टीला हाच बसणार. तो शेवटपर्यंत उभा. सगळं मैदान बसलेलं आणि हा एकटा नाणं उडवतोय. शेवटी मीच म्हटलं, बस आता. म्हणाला, सर, नियमात बसत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

हिच्या एप्रनला एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरण पडले ते तो साठवून ठेवतो, मग तो तपासायला जातो. मशीनजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला असतो. काल एप्रन खुंटीवर लटकत होता. वर्गात दाखवायला यापेक्षा चांगली वस्तू कुठली? हिला विचारणारच होतो, पण ही अंघोळीला गेली होती. दारातून ओरडून काय विचारायचं?

पोरं खूश. बॅज हातोहात फिरला. आज तास संपेपर्यंत एकानेही घड्याळ बघितलं नाही.

संध्याकाळी गुपचूप परत लावणार होतो. पण ही सुट्टी टाकून लवकर आलेली, आणि सगळं घर उपसून बॅज शोधत होती. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं. मीही शोधू लागलो. सोफा दोघांनी मिळून सरकवला. खाली रिमोट सापडला, मी म्हटलं, चला, काहीतरी तर मिळालं. तिने कपाट उपसायला घेतलं.

सकाळी डोकं शांत असतं. तेव्हा सांगायचं.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी ती घाईत होती.

रात्रीच्या जेवणाला म्हणाली, तात्पुरता बॅज दिलाय, पण रेडिएशन सुरक्षेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, साहेब लोक असतातच तसे. माझी भाजी तिने न विचारता वाढली, त्यामुळे अगदीच रागात नसावी.

बॅज जॅकेटच्या छातीवरच्या खिशात आहे. चेन लावली आहे. हॉस्पिटलात जाऊन तिच्या लॉकरपाशी टाकला की विषय संपला. उद्या नक्की.

२१ जानेवारी, बुधवार

आज कबड्डीच्या निवड चाचण्या. उद्या.

२२ जानेवारी, गुरुवार

उजव्या हाताने लिहितोय. डावा झोळीत आहे.

शंकाने भर वर्गात तो पिनेचा विषय पुन्हा काढला. म्हणाली, सर, ती किटली वापरू नका, कोणाला तरी शॉक बसेल. आता वर्गापुढे शिक्षकाचा शब्द आहे की नाही? किटली मागवली, भरली, चालू केली. मागच्यांना दिसावं म्हणून बाकावर चढलो. हात जरा ओला होता. डाव्या हातात किटली, तोल जाऊ नये म्हणून उजवा खिडकीच्या गजावर. म्हटलं, बघा, काही होत नाही.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. हात किटली सोडेना. ओरडलो, पण आवाज माझाच नव्हता. पोरं धावली तेव्हा शंका किंचाळली म्हणे, सरांना हात लावू नका. आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. मी सुटलो तो थेट खाली. किटली दुसरीकडे गेली. पाणी कोणाच्या अंगावर पडलं नाही. हे मी चार वेळा विचारून घेतलं.

मुख्याध्यापकांनी गाडीत घातलं. जवळचं हॉस्पिटल हिचंच. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मग खांद्याच्या एक्स-रेला पाठवलं. ड्यूटी हिची.

मला बघून हिचा चेहरा पांढरा पडला. तरी आवाज कामाचाच. जॅकेट काढा. हात वर जाईना. कात्री आणते, म्हणाली. मी म्हटलं, आंतरशालेय स्पर्धेचं जॅकेट आहे, कापू नकोस. तिने विचारलं, गळ्यात काही आहे? खिशात काही? मी म्हटलं, काही नाही.

हे का म्हटलं, माहीत नाही. दुखत होतं.

काचेपलीकडे ती स्क्रीनसमोर उभी राहिली. बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, हाड फार वाईट मोडलंय. मान वळवून पाहिलं तर स्क्रीनवर माझं मोडलेलं कॉलरबोन दिसत होतं, आणि त्याच्या खाली, फासळ्यांवर, क्लिपसकट एक स्वच्छ चौकोन.

ती बाहेर आली. माझ्या खिशाची चेन उघडली. बॅज काढला. म्हणाली, सोमवारी सोफ्याखाली तुम्हीही वाकला होतात.

मग दुसरा एक्स-रे काढला. श्वास धरा, म्हणाली. श्वास सोडा म्हणायला विसरली.

२३ जानेवारी, शुक्रवार

रजा. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. बसवत नाही, झोपवत नाही.

मी म्हटलं, बॅज सापडला तर खरा, मोडलाही नाही. ती म्हणाली, त्यावर आता तुमच्या छातीवर पडलेले किरण आहेत. माझ्या अंगावर किती पडले, ते त्यातून वेगळं कोण काढणार? पुढे म्हणाली, मशीन डोळ्यांना काही दाखवत नाही. मला रोज काय सोसावं लागतं ते सांगणारी तेवढी एकच वस्तू होती. ती तुम्ही वर्गात फिरवलीत.

चौकशी होईपर्यंत तिला मशीनपासून दूर ठेवलंय. नोंदणीच्या टेबलावर बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची. मी येऊन साहेबांना समजावू का, विचारलं. ती म्हणाली, तुमचं समजावणं मी पाहिलंय.

२५ जानेवारी, रविवार

माझं अंथरूण हॉलमध्ये. एक्स-रे झालेल्या माणसापासून घरच्यांना त्रास नको म्हणून मीच तसं सुचवणार होतो. त्याआधीच उशी बाहेर आली होती.

हिचा राग अर्धायुष्याने मोजून बघितला. गुरुवारी पूर्ण धरला तर आजपर्यंत निम्म्यावर यायला हवा होता. आला नाही. अर्धायुष्य मोठं दिसतंय. आणि हिशेब पुढे कितीही नेला तरी शून्य येतच नाही.

दाराबाहेरून विचारलं, मी आता किरणोत्सारी झालो का ग? आतून उत्तर आलं. एक्स-रे विजेवर चालतो, बटण बंद केलं की संपला, अंगात काही उरत नाही. किरणोत्साराला बटण नसतं. तो आपला वेळ घेतो, कोणाचं ऐकत नाही.

धड्याबद्दलच बोलत असावी.

२८ जानेवारी, बुधवार

हॉस्पिटलात गेलो. हिला न सांगता. वाटेत भाषण तयार केलं होतं, विज्ञानाचा प्रसार वगैरे. रेडिएशनचे साहेब शांत माणूस निघाले. म्हणाले, तुमच्या मिसेसनी सांगितलंय की बॅज चुकून तुमच्या जॅकेटला त्यांनीच लावला. त्यांच्याकडून निष्काळजीपणा झाला.

भाषण तसंच राहिलं. खुर्ची दिली होती, तरी उभाच होतो. म्हटलं, त्या खोटं बोलतायत. मी घेतला. न विचारता घेतला, आणि शोधायचं नाटक केलं. साहेबांनी विचारलं, का? मी म्हटलं, वर्गात कोणीतरी माझं ऐकावं म्हणून.

हे बोलायचं ठरलं नव्हतं.

निघताना नोंदणीच्या टेबलावरून गेलो. ही मान खाली घालून एका म्हातारबाबांचं वय विचारत होती. मोठ्याने, तीन-तीनदा. मला बघितलं नाही. किंवा बघितलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

ही आजपासून पुन्हा मशीनवर. नवा बॅज. घरी आल्यावर म्हणाली, साहेबांनी सांगितलं सगळं. मी म्हटलं, हं. ती म्हणाली, माझ्याशी खोटं बोलायचं नाही, आणि मीही तुमच्यासाठी बोलणार नाही. उशी आत गेली. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, पण तक्रार नाही.

उद्यापासून अर्थिंगचं पान.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आल्या. हातात काठी. येताच वर्गाची चाचणी घेतली आणि तासाला मलाही बोलावलं. मी नवी टाय लावून गेलो. मनात म्हटलं, आज कळेल.

एक प्रश्न होता: उपकरणाला भूसंपर्क तार, म्हणजे अर्थिंग, नसेल तर काय होते? मॅडमनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. पहिला पेपर उघडला. उत्तर: सर पडतात. दुसरा. सर पडतात. तिसरा, चौथा. डुलकीने शेजारी चित्रही काढलं होतं, टाय नव्हती, पण ओळखू येत होतं.

मी म्हटलं, मॅडम, अख्ख्या वर्गाला उत्तर आलं. हे शिकवण्याचंच फळ. त्या म्हणाल्या, निरीक्षण बरोबर आहे, म्हणून अर्धे मार्क दिलेत. कारण मात्र शंका सोडून कोणीच लिहिलेलं नाही.

मी पेपर पुन्हा चाळले. खरंच नव्हतं. मग मॅडमनी अगदी साध्या आवाजात विचारलं, सर, तुम्ही सांगा ना, काय कारण?

पंख्याचा आवाज येत होता. शंकाचा हात वर जायला निघाला आणि तिने तो मांडीवर दाबून धरला. मी खडू उचलला. फळ्यावर किटली काढली. चांगली आली. मग तिला प्लग काढला, मग दोन पिना. मग खडू तसाच हातात राहिला.

मॅडम म्हणाल्या, बसा.

शेवटच्या बाकावर जागा होती. बसलो.