शुगरच्या परीक्षेत पास झालेले अण्णा

अण्णा, शुगर असलेल्या तमाम परभणीकरांची या शहराबद्दल एकच तक्रार आहे आणि ती रास्त आहे: इथे बिनसाखरेचं कुणी कुणाला घराबाहेर सोडत नाही. चहा नको म्हणा, लगेच तोंड वाकडं. "काहून? आमच्या घरचा चालत न्हाई का?" तुम्ही कधीच नको म्हणाला नाहीत.

उद्या सकाळी माझी शुगरची तपासणी आहे, म्हणून तुमची आठवण येते. कॉपी पकडायला पोरांच्या चपलासुद्धा उलट्या करून पाहणारे मुख्याध्यापक तुम्ही. पण तपासणी जवळ आली की भात बंद, चहा बंद, सकाळी कारल्याचा रस आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत तरातरा फेरी. रिपोर्ट चांगला आला की दारातूनच गर्जना, "पास झालो!" आणि लगेच पेढे. आई म्हणायची, "डॉक्टरला फसवायलाव का सोताला?" तुम्ही म्हणायचात, "तू गप बस. रिपोर्ट वाच."

मग करोना आला. साधी कणकण आहे म्हणत, धाप लागेपर्यंत तुम्ही घरीच बसलात. दवाखान्याच्या दारात डॉक्टर विचारतायत, "आजोबा, बीपी? शुगर?" श्वास पुरत नाही, तरी तुमचा आवाज शाळेतलाच: "बीपी थोडा. शुगर अजिबात नाही. मागच्या तपासणीत पास आहे." मास्कमधून आई ओरडते, "हाय! लय हाय! कालच दोन आंबे खाल्ले यांनी!" रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. तुमच्यासमोर हसलो ते शेवटचं. डॉक्टरांनी तुमच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला. ते हसले नाहीत.

आधीपासून खरं बोलला असतात तर वाचला असतात का? भाषणं ठोकणं, छातीठोकपणे सांगणं हा माझा धंदा आहे, पण हे मला सांगता येत नाही. वय होतं, पोट होतं, बीपी होता, यायला उशीर झाला होता. वय लपत नव्हतं, पोट तर नाहीच. शुगर तेवढी दवाखान्याच्या दारापर्यंत लपली, तीही तुम्ही मेहनत घेऊन लपवलीत म्हणून.

तेव्हापासून मी मानवतच्या सभेत, ताडकळसच्या बाजारात घसा फोडून सांगतोय, शुगर लपवू नका. लोक टाळ्या वाजवतात, मग माझ्या हातावर पेढा ठेवतात. मी खातो. आता डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर काढायला सांगितलीय. तिच्यात आदल्या आठवड्याचा उपास कामाला येत नाही. म्हणजे आपल्या घराण्याची सगळी विद्या वाया.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. दुपारी लॅबमधून फोन आला. "काका, आधीपासून शुगर आहे का?" मी ठणकावून "नाही" म्हणालो. खरं म्हणजे मला माहीतच नाही. इतकी वर्षं तपासून घ्यायचं धाडसच झालं नाही.

तेव्हा माझ्यासकट तमाम परभणीकरांनो, आज रात्री रोजच्यासारखं जेवा आणि सकाळी लॅबमध्ये जाऊन गपगुमान हात पुढे करा.