संदीपची शाल

सेनगाव, मंगळवार, २००६

चुलतभाऊ संदीपला परदेशात ऊर्जा सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप लागली. अर्ज आम्ही दोघांनीही केला होता. आज संध्याकाळी गल्लीनं त्याचा सत्कार केला. शाल त्याच्या खांद्यावर, मग मला काहून टोचून राहिली? माझीच आई त्याला म्हणते, "लेकरा, आता आपल्या गल्लीला लाइटची नवी डीपी दे बरं!" तो नुसता हसला. तिथं डीपी-ट्रान्सफॉर्मर मिळत न्हाई, एवढं तरी सांगावं की न्हाई त्यानं?

तेवढ्यात लाइट गेली. मीच पळत जाऊन डीपीतली फ्यूजची तार बांधली. घामाघूम होऊन परत आलो, तर हा लख्ख उजेडात शाल पांघरून बसलेला, अन् आई सगळ्यांना सांगत होती, "पायगुण बघा पोराचा!"